परदेशातलं एक सत्र: लिहिलेलं आणि गाळलेलं

आज नेहमीपेक्षा तरुण चेहरे जास्त दिसताहेत, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे आई-वडीलही बसलेत. विषयाचाच परिणाम असावा. मागच्या तीन व्याख्यानांत आपण 'कळणं म्हणजे काय' या प्रश्नाभोवती फिरत होतो. आज तोच प्रश्न एका घरगुती प्रसंगाला लावून बघू.

प्रसंग आपल्या निगडीतलाच आहे. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने आले, त्यांच्यामागोमाग सुटे भाग पुरवणारे आले, आणि त्यांच्यामागोमाग प्राधिकरणाच्या गल्ल्यांत जर्मनचे क्लास आले. आमच्या वेळी जर्मन शिकायचं म्हणजे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट नाहीतर मॅक्सम्युलर भवन गाठावं लागे. आता इथली मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असताना एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात जातात आणि परत येतात. परत आल्यावर कॉलेजच्या वार्षिक अंकात, नाहीतर सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत, एक लेख लिहितात. आज त्या लेखाची समीक्षा करायची आहे. तुम्ही म्हणाल, ही काय समीक्षा करायची गोष्ट झाली? आमचं म्हणणं असं, की ज्या लेखनाला कुणी साहित्य म्हणत नाही, त्यातच समाज काय पाहतो आणि काय पाहायचं टाळतो ते उघडं पडतं.

असे बरेच लेख आम्ही वाचले आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. सुरुवात विमानतळावर, आईच्या डोळ्यांत पाणी. मग थंडी. मग कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे, सायकलींचे वेगळे रस्ते, रविवारी बंद असणारी दुकानं. तास संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर मुठी आपटतात, हे आवर्जून येतं. गाड्या वेळेवर धावतात, हे तर येतंच येतं. आणि शेवटी, 'मी स्वतःची कामं स्वतः करायला शिकलो.' यातलं एखादं वाक्य खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण हे लेख एकमेकांच्या जागी ठेवले तर कुणाला पत्ता लागणार नाही. तीस माणसं तीस डोळे घेऊन गेली आणि एकच चित्र घेऊन आली, तर कुठेतरी काहीतरी चुकतं आहे, नाही का?

काय चुकतं ते आम्हाला एका मुलीनं दाखवलं. आमच्याच भागातली, यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. तिच्या लेखात अर्थातच 'गाड्या सेकंदाला सेकंद वेळेवर' असं वाक्य होतं. आम्ही सहज विचारलं, "काय गं, तुझी गाडी कधीच चुकली नाही?" ती हसली. म्हणाली, "सर, एकदा अडीच तास लेट होती. पुढची गाडी चुकली, रात्र स्टेशनवर काढली. तिकडचे लोक तर रोज रेल्वेला शिव्या घालतात." मग हे लिहिलं का नाहीस? यावर तिनं जे उत्तर दिलं ते आम्ही वहीत टिपून ठेवलं आहे. "सर, ते जर्मनीबद्दल वाटलं नसतं."

बघा, केवढी मोठी गोष्ट सांगितली तिनं! जर्मनी कशी असते हे तिला जाण्याआधीच माहीत होतं. तिकडे गेल्यावर जे त्या माहितीशी जुळलं ते 'अनुभव' झालं, आणि जुळलं नाही ते 'अपवाद' ठरून गळालं. हान्स-गेओर्ग गाडामर यांनी १९६०च्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात या गोष्टीचा फार खोल विचार केला आहे. पूर्वग्रहाशिवाय माणसाला काहीच समजत नाही, असं ते म्हणतात. पूर्वग्रह असणं हा दोष नव्हे, आपण तिथूनच निघतो. दोष तेव्हा, जेव्हा समोरची वस्तू त्या पूर्वग्रहाला धक्का देते आणि आपण तो धक्का लागलाच नाही असं दाखवतो. स्टेशनवर काढलेली ती रात्र हा धक्का होता. त्या सत्रात तिला मिळालेलं सगळ्यात अस्सल ज्ञान तेच, आणि तेवढंच लेखात नाही.

आता त्या मुलीला नावं ठेवण्याआधी आम्हाला स्वतःचा हिशोब दिला पाहिजे. १९७७च्या हिवाळी सत्रात आम्ही पश्चिम जर्मनीतल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावी होतो. पीएच.डी.चं काम चालू होतं, एका सत्राची शिष्यवृत्ती मिळाली होती. परत आल्यावर आम्ही लेख लिहिला. त्याचं कात्रण परवा सापडलं. मथळा सांगत नाही, लाज वाटते. त्यात ग्रंथालयातली शांतता आहे, वेळेचं भान आहे, विद्यार्थ्यांची शिस्त आहे. शिस्त हा शब्द आम्ही मोजला. दोन पानांत अकरा वेळा!

आणि प्रत्यक्षात त्या सत्रात काय चाललं होतं? १९७६च्या उच्चशिक्षण चौकट कायद्याविरुद्ध पश्चिम जर्मनीतल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे संप झाले होते. आम्ही ज्या इमारतीत तासाला जायचो तिच्या दाराशी फलक घेऊन मुलं उभी असत. दहशतवादाच्या भीतीनं रस्त्यांवर पोलिसांची तपासणी चालू होती. डाव्या विचाराच्या माणसाला सरकारी शाळेत शिक्षक म्हणून घ्यायचं की नाही, यावर १९७२पासून वाद पेटला होता. आमच्या खोलीशेजारी राहणारा मुलगा शिक्षक व्हायचं शिकत होता आणि त्याला झोप लागत नव्हती. हे सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं अवाक्षर आमच्या लेखात नाही.

का नाही? इथली आणीबाणी त्याच वर्षी मार्चमध्ये उठली होती. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत माणसं जागेवर सापडत होती, असं मनापासून म्हणणारे लोक आमच्या घरात, शेजारात होते. आम्ही वरवर आणीबाणीचे विरोधक. पण त्या लेखात आम्ही नकळत त्यांच्याच मनातलं लिहून दिलं, की बघा, शिस्त असली की देश कसा चालतो! दारातला संप लिहिला असता, तर शिस्त आणि विरोध एकाच समाजात कसे नांदतात, हा प्रश्न विचारावा लागला असता. तो प्रश्न १९७८ साली आपल्याला फार उपयोगी पडला असता. आम्ही तो गाळला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं गाळला, म्हणून त्याची टोचणी जास्त.

तर या लेखनाचा दोष भाषेचा नाही, तुलनेचा आहे. दोन वस्तूंची तुलना करायला तिसरी वस्तू लागते, म्हणजे दोघींना लावता येईल असं एकच माप. आपले लेख काय करतात? त्यांचं उत्तम आणि आपलं वाईट शेजारी ठेवतात. तिकडचा सायकलचा रस्ता आणि इकडचा जुना मुंबई-पुणे महामार्ग. कधी मूड बदलला की उलट. आपली आजी आणि त्यांचा वृद्धाश्रम! दोन्ही वेळा माप नाही, फक्त भावना आहे. पहिल्या वेळी न्यूनगंडाची, दुसऱ्या वेळी अहंकाराची.

मराठीत याहून चांगलं लिहिलं गेलं आहे का? गेलं आहे, आणि खूप आधी. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत १८८८पर्यंत राहिल्या. तिथे त्या बालोद्यान पद्धतीचं शिक्षण शिकल्या, व्याख्यानं देत हिंडल्या. १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक आलं. आमच्या मुलांनी ते जरूर वाचावं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या संस्था, शाळा, परोपकाराची कामं यांचं रमाबाईंना अपार कौतुक. पण काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं, तेही त्या लिहितात. स्त्रियांना तिथेही हक्क अपुरेच आहेत, हे त्या झाकत नाहीत. त्यांच्या हातात एकच माप आहे: दुबळ्याला हा समाज कसा वागवतो? ते माप त्या अमेरिकेला लावतात आणि आपल्यालाही लावतात. त्यामुळे त्यांचं कौतुक हे कौतुक राहतं, भाटगिरी होत नाही. आणि पुस्तक येण्याआधी, त्याच १८८९च्या मार्चमध्ये, मुंबईत शारदा सदन सुरू झालेलं होतं.

दुसरं पुस्तक धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन', १९२४चं. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस बुद्धाचा धर्म समजून घ्यायला घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, मग सिलोन, मग ब्रह्मदेश. हार्वर्ड विद्यापीठ त्यांच्या आयुष्यात १९१० साली आलं, पण त्यांच्या परदेशी शिक्षणाचा गाभा कोलंबोच्या विद्योदय विहारातला आहे, पालीच्या पाठांतला आहे. परदेश म्हणजे पश्चिम, ही आपली समजूत या एका पुस्तकानं ढासळावी. आज निगडीतून कुणी कोलंबोला सत्रासाठी जातं का? आणि गेलं तर गणपतीच्या स्मरणिकेत त्याचा लेख मागतील का? आपला 'परदेश' हा शब्द भूगोलातला नाही, प्रतिष्ठेतला आहे.

तिसरं लेखन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं इंग्रजी आत्मकथन. न्यूयॉर्क आणि लंडनच्या शिक्षणानंतर ते बडोद्याला नोकरीवर येतात. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशा अर्थाचं ते लिहितात. आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच प्रश्न उभा राहतो, जायचं कुठे? हॉटेल घेणार नाही, मित्राकडे जावं तर त्याला अडचण. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहतात आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं त्यांना बाहेर काढतात. त्या लेखनात न्यूयॉर्कचं वर्णन जवळजवळ नाही. गरजच नाही. परदेशानं त्यांना काय दिलं ते बडोद्याच्या त्या स्टेशनवर कळतं. आपला देश त्यांना आधीही माहीत होता, पण याहून वेगळं जगता येतं हा पुरावा आता हाती होता. परदेशी शिक्षणाची याहून कठोर परीक्षा मराठी माणसानं दिलेली नाही.

आणि चौथ्या इरावतीबाई कर्वे. १९२८ साली बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध केला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो का, हा प्रश्न होता. गुरूंचा कल एका बाजूला होता. इरावतीबाईंना मोजमापात तो फरक सापडला नाही आणि त्यांनी तो सापडला नाही असंच लिहिलं. बर्लिनमध्ये, त्या काळात, परक्या देशातल्या पंचविशीच्या बाईनं! आता त्यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख काढा. त्या पंढरीच्या वारीत चालताहेत. भक्तीनं भारावलेल्या आहेत. आणि तरी त्यांना दिसतं, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे चालतात, वेगवेगळे जेवतात. त्याचं त्यांना दुःख होतं आणि ते त्या लिहितात. आम्हाला असं वाटतं, की बर्लिनचं खरं प्रवासवर्णन ते हेच. हवा असलेला निष्कर्ष सापडत नसेल तर तसं सांगायचं, ही सवय त्या तिकडे पक्की करून आल्या आणि इथे सगळ्यात जिव्हाळ्याच्या जागी वापरली. तुकोबांची पालखी दरवर्षी देहूहून निघून आपल्या दारावरून आकुर्डीला जाते. आपण फुलं उधळतो. दिंडीत कोण कुणाबरोबर जेवतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

इथे कुणीतरी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. ही सगळी थोर माणसं, वर्षानुवर्षं राहिलेली. आमचा मुलगा पाच महिने जातो. पहिला महिना नगरपालिकेत नाव नोंदवण्यात, विमा आणि बँकेच्या कागदांत जातो. शेवटचा परीक्षा आणि सामान बांधण्यात. मध्ये उरतात तीन. त्यात काय कळणार? खरं आहे. खुद्द बाबासाहेबांनीही १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव घातलं होतं. पण लंडनच्या अभ्यासाच्या ओढाताणीत ते शिक्षण काही पुढे गेलं नाही. म्हणजे अर्धं राहिलेलं सत्र ही काही लाजेची गोष्ट नव्हे.

आणखी एक आक्षेप तत्त्वज्ञानाच्या बाजूनं येतो. कांट जन्मभर क्योनिग्सबेर्गच्या आसपासच राहिला आणि तरी विद्यापीठात वर्षानुवर्षं भूगोल शिकवत होता. मग जायचंच कशाला? यावर आमचं उत्तर असं. कांटचं गाव बंदर होतं, जग त्याच्या दारात येत होतं आणि तो विचारत होता. निगडीतही जग आलेलं आहेच की! तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-वडील बीडहून, लातूरहून, सोलापूरहून कारखान्यात कामाला आले. हेल बदलला, पाणी बदललं, भाड्याच्या खोलीत पहिली दिवाळी एकट्यानं काढली. परदेश त्यांनी आधीच पाहिला आहे. जर्मनीला जाणाऱ्या किती मुलांनी वडिलांना विचारलं, की बाबा, तुम्ही पहिल्यांदा इथे उतरलात तेव्हा काय वाटलं? हे न विचारता जो जातो, त्याच्याकडे तुलनेचं माप नसतं.

सत्राचं एक वैशिष्ट्य मात्र लक्षात घ्या. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. कायमचा गेलेला माणूस तिथे रुजण्याच्या धडपडीत असतो. पर्यटकाला कशाशी देणंघेणं नसतं. सत्राचा विद्यार्थी या दोघांच्या मधला. तो तिथे रांगेत उभा राहतो, नापास होऊ शकतो, आणि परत येणार हे त्याला पक्कं माहीत असतं. देकार्तनं १६३७च्या आपल्या ग्रंथात बजावलं आहे, की फार काळ प्रवासात घालवणारा माणूस शेवटी स्वतःच्याच देशात परका होतो. सत्र त्या मानानं छोटं. परका होण्याची वेळ येत नाही, पण घराकडे जरा लांबून बघण्याची सोय होते. तिकडचा देश समजायला हा काळ तोकडाच आहे. स्वतःचा देश नव्यानं दिसायला मात्र पुरतो.

आणि हे फुकट मिळत नाही, म्हणून आमचा आग्रह. दोन विद्यापीठांचा करार असला तर तिकडची शिक्षण-फी बहुधा माफ होते, पण राहणं-खाणं आहे. जर्मन व्हिसासाठी २०२५ साली महिन्याला ९९२ युरोंची, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरोंची सोय दाखवावी लागत होती. सत्र अर्धं धरा, तरी तो आकडा कुणाच्या भविष्यनिर्वाह निधीतून येतो ते तुम्हाला माहीत आहे. एका घरानं एवढं घातलं आणि हाती आला तो आधीच माहीत असलेला लेख, तर हा तोटा पैशांपुरता नाही. जी मुलं जाऊ शकली नाहीत, त्यांनाही त्यातून काही मिळत नाही.

विद्यापीठं याकडे कसं बघतात? श्रेयांकांनी. युरोपात एका सत्राचे ३० श्रेयांक. आपल्याकडेही २०२१पासून श्रेयांकांची बँक निघाली आहे. हे चांगलं झालं, मुलांचं वर्ष वाया जात नाही. पण बँकेत काय जमा झालं ते कळतं, डोक्यात काय हललं ते विचारणारा रकाना कुठल्याच अर्जात नाही. तो रकाना आपणच घरी, वर्गात आखला पाहिजे.

कसा, ते थोडक्यात सांगतो. जाण्याआधी एक पान लिहा: 'तो देश कसा आहे असं मला वाटतं.' लिफाफ्यात घालून आईकडे द्या. तिथे असताना या पानाशी न जुळणारं जे जे दिसेल तेवढंच वहीत लिहा. जुळणारं लिहू नका, ते लक्षात राहतंच. आणि परत आल्यावर तिकडचं वर्णन लिहू नका. इथल्या एका गोष्टीवर लिहा, जी जाण्याआधी तुम्हाला दिसत नव्हती.

त्या मुलीला आम्ही हेच सांगितलं. दोन महिने ती फिरकली नाही. आम्हाला वाटलं, म्हातारा फार पिडतो म्हणून दुखावली. मग एक दिवस चार पानं घेऊन आली. तिकडे सत्रात तिनं उद्योग-व्यवस्थापनाचा एक विषय घेतला होता. जर्मनीत १९७६च्या कायद्यानं दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत, हे ती परीक्षेपुरतं शिकून आली होती. पहिल्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. आता ती पहाटे साडेपाचला चौकात जाऊन उभी राहिली होती, जिथे पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बसेस थांबतात. सलग सहा दिवस. कुणाच्या अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट आहे, कोण बसनं जातं आणि कोण सहा आसनी रिक्षात कोंबून जातं, ते तिनं पाहिलं होतं. शर्टाच्या रंगावरून कायम कोण आणि कंत्राटी कोण ते कळतं, हे तिला तिच्या वडिलांनी सांगितलं. ते बावीस वर्षं त्याच बसनं गेले होते. तिनं यापूर्वी कधी विचारलंच नव्हतं.

त्या चार पानांत जर्मनीचा उल्लेख एकदाच आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. ते पान आम्ही आमच्या १९७८च्या कात्रणाशेजारी ठेवलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या मुलांनी आधी विचारावं, आई-वडिलांनी नंतर.